मोटारीच्या एंजिनाचें हेड गॅस्केट : परीक्षा व दुरुस्ती

ऐन हंगामांत जीप किंवा ट्रॅक्टर बंद पडला म्हणजे बाजारास जाणारा माल खोळंबतो, आणि घाईनें केलेली दुरुस्ती बहुधा पुन्हां करावी लागते. म्हणून एंजिन पाणी पिऊं लागलें असतां काय पाहावें, तें आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

एंजिनाचा ब्लॉक व त्यावरील हेड यांच्या सांध्यांत जें पातळ अस्तर असतें, त्यास हेड गॅस्केट म्हणतात. सिलिंडरांतील जळता वायु, थंडाव्याचें पाणी व वंगणाचें तेल यांस आपापल्या मार्गांत ठेवणें हें त्याचें काम. तें फुटलें कीं तिघांची सरमिसळ होते.

लक्षणें : बाहेर थेंबहि न गळतां पाणी घटतें, एंजिन तापल्यावरहि धुराड्यांतून पांढरी वाफ येत राहते, तेल ताकासारखें दिसूं लागतें. मात्र तेलाच्या झाकणाखालीं थोडी पांढरट साय दिसली एवढ्यावरून हेड उघडूं नये. थंडींत जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडींत नुसत्या दमटपणानेंहि ती धरते.

परीक्षा : एंजिन गार असतां रेडिएटरचें झाकण काढून पाणी भरावें व एंजिन सुरू करावें. बुडबुडे अखंड येत राहिले तर पाण्यांत वायु शिरत आहे असें समजावें. तापलेल्या एंजिनाचें झाकण कदापि काढूं नये. उकळतें पाणी उसळून तोंड भाजतें. शंका उरल्यास कारागिराकडून सिलिंडरांचा दाब मोजवावा. शेजारच्या दोन सिलिंडरांचा दाब उतरला असेल, तर फूट त्यांच्या मधोमध असण्याचा संभव फार.

गळती ठरल्यावर गाडी तशीच हांकूं नये. पाणी मिसळलेल्या तेलानें बेअरिंगें झिजतात, आणि सिलिंडरांत पाणी सांचल्यास तें दाबलें न जाऊन दट्ट्याचा दांडा वांकतो.

दुरुस्ती : हेडचे बोल्ट एंजिन पूर्ण गार झाल्यावर, कडेकडून मध्याकडे, थोडे थोडे सैल करावे. दोन्ही पृष्ठें ओरखडा न पाडतां स्वच्छ करावीं. हेडवर सरळ पोलादी पट्टी आडवी, उभी व तिरपी ठेवून फिलर गेजनें फट पाहावी. पुष्कळ एंजिनांत ०.१ मिलिमीटरहून अधिक वांक चालत नाहीं. नेमका आंकडा कारखान्याच्या पुस्तिकेंत पाहावा. वांक अधिक असल्यास हेड यंत्रावर सपाट करून घ्यावें व त्यास चीर आहे काय तेंहि तपासावें. जुनें गॅस्केट पुन्हां वापरूं नये. बोल्ट मध्यापासून कडेकडे, दोनतीन फेऱ्यांत, टॉर्क पान्यानें पुस्तिकेंत दिल्याप्रमाणें आवळावे. कांहीं एंजिनांत बोल्टहि नवेच घालावे लागतात. शेवटीं तेल व त्याची गाळणी बदलावी.

परंतु येवढ्यानें काम संपत नाहीं. फुटलें गॅस्केट हें बहुधा रोगाचें मूळ नसून फळ असतें. तुंबलेला रेडिएटर, सैल पंख्याचा पट्टा, अडकलेला थर्मोस्टॅट किंवा बिघडलेला पाण्याचा पंप यांमुळें एंजिन अति तापतें, हेड वांकतें व मग गॅस्केट जातें. हें मूळ न शोधतां नवें गॅस्केट बसविणें म्हणजे फुटक्या बांधावर माती लोटणें होय. आमच्या शेतकरी बंधूंनीं कारागिरास "गॅस्केट बदललें काय?" एवढेंच न विचारतां "एंजिन तापलें कशानें?" हेंहि अवश्य विचारावें.