घसाऱ्याची सरळ रेषा

वाण्याची उधारी, दुधाचा हिशेब, मुलांची फी या सर्वांची नोंद घरच्या वहीत असते. दाराशी उभ्या असलेल्या स्कूटरची झीज मात्र कोणी लिहीत नाही!

नागपूरच्या प्रतापनगरातील एखाद्या कुटुंबाने १,००,००० रुपयांची स्कूटर घेतली असे समजा. २०१३ च्या कंपनी कायद्यातील परिशिष्टात स्कूटरचे आयुष्य १० वर्षे धरले आहे आणि शेवटी उरणारी किंमत साधारणतः ५ टक्के. म्हणजे दहा वर्षांत ९५,००० रुपये झिजणार, वर्षाला ९,५००. शाळेतले रेषीय समीकरण ते हेच:

किंमत = १,००,००० − ९,५०० × वर्षे

आलेख काढा, उतरती सरळ रेषा मिळेल. चार वर्षांनी किंमत ६२,०००.

पण हा बाजारभाव नव्हे. विम्याच्या रूढ कोष्टकात चार वर्षे उलटताच ५० टक्के वजावट होते. आणि गिऱ्हाइकाचे गणित त्याहून निराळे! परवान्यांच्या काळात बजाज स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावावा लागे. तेव्हा जुनी गाडी नवीपेक्षा महाग विकली जाई. रेषा वर चढलेली!

मग या समीकरणाचा उपयोग काय? हप्ते फिटले की गाडी फुकट धावते, असा आपला समज असतो. वास्तविक ती दरमहा सुमारे ८०० रुपये खात असते. तेवढे पोस्टाच्या आवर्ती ठेवीत टाकीत जा. पुढच्या स्कूटरसाठी कर्जाचा बोजा नक्कीच हलका होईल.