एकांतकोठडीवरील पहारा

प्रत्येक मोठ्या तुरुंगाच्या पोटांत आणखी एक लहान तुरुंग असतो. उंच भिंत, लोखंडी फाटक, बराकी, कारखाना आणि स्वयंपाकघर हीं सारीं मागें टाकल्यावर एका बाजूस कोठड्यांची स्वतंत्र रांग लागते. तेथील दारें दिवसाकाठीं तास-दोन तास सोडले तर उघडत नाहींत. ज्यानें तुरुंगाचे नियम मोडले तो शिक्षेसाठीं तेथें जातो. ज्याच्यापासून इतरांस धोका आहे तो इतरांच्या रक्षणासाठीं जातो. आणि ज्याच्या जिवावर इतर कैदी टपलेले आहेत तो स्वतःच्याच रक्षणासाठीं जातो. कारणें तीन, परंतु कोठडी एकच. असें असतां, सुरक्षिततेसाठीं योजिलेल्या या जागींच कैद्याचा जीव पुष्कळदां अधिक धोक्यांत कां येतो, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

बराकींत रात्रीं एखाद्याच्या छातींत कळ आली, तर शेजारचा कैदी उठून हाका मारतो. कोणी दोन दिवस अन्नास शिवला नाहीं, किंवा भिंतीकडे तोंड करून रडत बसला, कीं चार जणांच्या तें लक्षांत येतें. शेजाऱ्यांची ही नजर कोणी नेमलेली नसते, तिला वेतन नसतें, तरी ती अहोरात्र जागी असते. एकांतकोठडीचें दार लागतांच ती नाहींशी होते आणि तिच्या जागीं उरते ती केवळ पहारेकऱ्याची नजर. म्हणून कैदी जितका एकटा, तितकें पहारेकऱ्यावरील उत्तरदायित्व मोठें, हा या विषयांतील मूळ सिद्धांत होय.

हा सिद्धांत कांहीं नवा नाहीं. १८९४ सालचा तुरुंगांचा कायदा कैद्यांविषयींच्या विशेष कळवळ्यानें झालेला नव्हता. तरी त्याच्या २९ व्या कलमानें असें ठरविलें, कीं ज्या कोठडींतून कैद्यास तुरुंगाच्या अधिकाऱ्याशीं केव्हांही संपर्क साधण्याची सोय नाहीं, ती एकांतवासासाठीं वापरूं नये. आणि चोवीस तासांहून अधिक काळ कोठडींत ठेविलेल्या प्रत्येक कैद्यास डॉक्टरानें किंवा त्याच्या हाताखालील इसमानें दिवसांतून निदान एकदां तरी भेटावें. पुढच्याच कलमांत, फांशीची शिक्षा झालेल्या कैद्याजवळ रात्रंदिवस पहारा असावा, असें सांगितलें. या दुसऱ्या कलमाचा अर्थ लावण्याचा प्रसंग सुनील बात्रा खटल्यांत १९७८ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें आला. या कलमामुळें तुरुंगाधिकाऱ्यांस एकांतवासाची शिक्षा देण्याचा अधिकार मिळत नाहीं, असा निर्वाळा न्यायालयानें दिला.

एकांताचा मनावर काय परिणाम होतो, याचा अनुभव तर त्याहूनही जुना आहे. न्यूयॉर्क राज्यांतील ऑबर्न येथील तुरुंगांत १८२१ सालीं सुमारें ८० कैद्यांस कामधंद्यावांचून अखंड एकांतांत ठेवून पाहण्यांत आलें. पश्चात्तापानें मनुष्य सुधारेल, ही त्यांतील अपेक्षा. प्रत्यक्षांत कित्येकांची प्रकृति ढासळली, कांहीं दगावले, कांहींचें चित्त भ्रमलें. शेवटीं तो प्रयोग आवरता घ्यावा लागला आणि गव्हर्नरानें २६ जणांस माफी दिली.

आपल्याकडील उदाहरण अंदमानांतील सेल्युलर जेलचें. १९०६ सालीं पुऱ्या झालेल्या त्या इमारतींत मधोमध एक मनोरा आणि त्यापासून चाकाच्या आऱ्यांप्रमाणें निघालेल्या सात लांब चाळी होत्या. एका चाळीचें तोंड दुसरीच्या पाठीकडे. त्यामुळें एका चाळींतील बंदी दुसरीकडे पाहूं शकत नसे. मनोऱ्यावरून मात्र मोजक्या शिपायांस सर्व चाळींवर लक्ष ठेवतां येई. पळून जाण्याविरुद्ध ही रचना जवळजवळ निर्दोष होती. तरी १९१२ सालीं त्याच तुरुंगांत इंदुभूषण रॉय यांनीं आपल्या कोठडींत जीवनाचा अंत केला आणि उल्लासकर दत्त यांचें मन पार कोलमडलें. सावरकरांच्या 'माझी जन्मठेप' या ग्रंथामुळें तो काळ मराठी वाचकांस परिचित आहे. मनोऱ्यावरील शिपायास चाळ दिसे. चाळींतील मनुष्याचें काय चाललें आहे, तें दिसत नसे.

आधुनिक साधनें हाताशीं असतां हा दोष राहिला नसेल, असें वाटण्याचा संभव आहे. तो भ्रम न्यूयॉर्क शहरांतील मेट्रोपॉलिटन करेक्शनल सेंटर या तुरुंगांत १० ऑगस्ट २०१९ रोजीं घडलेल्या प्रकारानें दूर होतो. जेफ्री एप्स्टीन हा धनाढ्य आरोपी तेथील विलग विभागांत होता. २३ जुलै रोजीं तो कोठडींत गळ्याभोंवतीं कापडाची पट्टी असलेल्या स्थितींत आढळला होता. कांहीं दिवस विशेष देखरेखीखालीं ठेवल्यावर ३० जुलै रोजीं त्यास पुनः विलग विभागांत आणलें. मात्र त्याच्या कोठडींत दुसरा कैदी असलाच पाहिजे, अशी सूचना मानसोपचार विभागानें सत्तरांहून अधिक कर्मचाऱ्यांस कळविली. ९ ऑगस्ट रोजीं त्याच्या सोबत्यास अन्यत्र हलविण्यांत आलें. त्याच्या जागीं दुसरा कोणी आणला गेला नाहीं. जी गोष्ट सर्वांस सांगितली होती, ती कोणा एकाकडे सोंपविलेली नव्हती.

नियमाप्रमाणें पहारेकऱ्यांनीं दर अर्ध्या तासानें फेरी घालावयाची होती, आणि दुपारीं ४, रात्रीं १० व १२, पहांटे ३ व ५ या वेळीं कैद्यांची मोजणी करावयाची होती. रात्रीं पावणेअकराच्या सुमारानंतर सकाळीं साडेसहापर्यंत कोणीही त्या कोठडीकडे फिरकलें नाहीं. पहारेकऱ्यांचें टेबल तेथून अवघ्या १५ फुटांवर होतें. दोघेही जादा वेळाच्या कामावर होते. एकाचा तो लागोपाठ पांचवा दिवस, तर दुसऱ्यास त्याच दिवशीं दुसरी पाळी सक्तीनें करावी लागली होती. कांहीं काळ ते झोंपल्यासारखे दिसले, कांहीं काळ संगणकावर खरेदीच्या वस्तु पाहत होते. कोठडींत नियमाबाहेर जादा चादरी होत्या. कॅमेरे होते, परंतु यंत्रांतील बिघाडामुळें त्यांपैकीं अनेकांचें चित्रण नोंदलेंच जात नव्हतें. नोंदवहींत मात्र सारें सुरळीत होतें: फेऱ्या झाल्या, मोजणी झाली, खालीं सही. सकाळीं न्याहारी देण्याच्या वेळीं कैदी निश्चेष्ट आढळला. शववैद्यकांनीं मृत्यूचें कारण आत्महत्या असें ठरविलें. दोघां पहारेकऱ्यांनीं खोट्या नोंदी केल्याचें पुढें कबूल केलें. न्यायखात्याच्या महानिरीक्षकांचा सविस्तर अहवाल २०२३ सालीं प्रसिद्ध झाला. तो तुरुंग २०२१ सालींच बंद करण्यांत आला होता.

या एका रात्रींत एकही दोष असा नाहीं, कीं जो एकट्यानें मृत्यूस पुरेसा झाला असता. सोबती असता, तर चादरींचा धोका कमी झाला असता. फेरी झाली असती, तर सोबत्याची उणीव दिसली असती. अधिकाऱ्यानें मधूनच येऊन पाहिलें असतें, तर न झालेली फेरी उघडकीस आली असती. सुरक्षिततेचे उपाय एकमेकांच्या पाठीशीं उभे असतात ते याचसाठीं. एक चुकला तर दुसऱ्यानें सांवरावें, ही त्यांतील योजना. परंतु खोटी नोंद ही सांखळी आंतून पोखरते. कारण पहिला उपाय चुकला आहे, ही बातमीच ती पुढच्यापर्यंत पोंचूं देत नाहीं.

मग चांगला पहारा कसा असावा? फेरी ठरलेल्या मर्यादेच्या आंत असावी, परंतु घड्याळाच्या ठोक्यास बांधलेली नसावी. नाहीं तर दोन फेऱ्यांमधील मोकळा वेळ किती, याचा हिशेब कैद्यास करतां येतो. मोजणी करतांना पांघरुणाचा आकार मोजूं नये. श्वास घेणारा देह डोळ्यांनीं पाहावा. दोन शब्द बोलतां आले तर अधिक बरें. कारण उत्तर देण्याची रीत बदलली कीं मनांतील बदलाची चाहूल लागते. संयुक्त राष्ट्रांनीं २०१५ सालीं स्वीकारलेल्या मंडेला नियमांनीं, दिवसांतील २२ तास किंवा अधिक काळ अर्थपूर्ण मानवी संपर्कावांचून ठेवणें, अशी एकांतवासाची व्याख्या केली, सलग १५ दिवसांहून अधिक एकांतवासास मनाई केली आणि वैद्यकीय कर्मचाऱ्यानें अशा कैद्यास रोज भेटावें, असें सांगितलें. कॅमेरा हा या सर्वांस पूरक आहे. तो पाहतो, परंतु दार उघडून आंत धांव घेऊं शकत नाहीं.

आणि पहारेकरीही मनुष्यच असतो. सोळा तास जागलेल्या डोळ्यांकडून जागरूकतेची अपेक्षा करणें व्यर्थ होय. ज्या रात्रीं पुरेसे हात नसतील, त्या रात्रीं फेरी चुकणें संभवनीय आहे; अशा वेळीं नोंदवहींतील तो रकाना कोराच राहूं द्यावा आणि तो कोरा ठेवण्याची भीति कोणास वाटूं नये. सकाळीं वही चाळणाऱ्या अधिकाऱ्यास कोरा रकाना सांगतो, कीं येथें मनुष्यबळ कमी पडलें, आज रात्रीं आणखी एक शिपाई धाडा. खोटी सही त्यास सांगते, कीं सर्व ठीक आहे. आणि बंद दाराआडचा मनुष्य दुसऱ्या रात्रींही तसाच एकटा राहतो.