आठ प्रश्न, दीडशे वंश

लुटारू माशी, म्हणजेच रॉबर फ्लाय, उडतं भक्ष्य हवेतच झडप घालून पकडते, सोंड खुपसून त्याच्या अंगात विषारी लाळ सोडते आणि आतला विरघळलेला ऐवज शोषून घेते. ॲसिलिडी हे तिचं कुल. जगभरात त्याच्या साडेसात हजारांवर जाती. सहाराच्या दक्षिणेकडची आफ्रिका आणि मादागास्कर मिळून दीड हजारांहून जास्त, आणि त्यांचे वंश दीडशेच्या आसपास! मादागास्करच्या मायक्रोस्टायलम मॅग्नमचे पंख पसरले की आठ सेंटिमीटर भरतात. काही जाती मात्र पुऱ्या एक सेंटिमीटरच्याही नसतात.

हातातली माशी यांतल्या कोणत्या वंशाची?

‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच उत्तर असलेले सात प्रश्न विचारले, तर १२८ गट पडतात. आठ विचारले तर २५६. म्हणजे दीडशे वंशांना आठ प्रश्न पुरावेत. पण त्यासाठी प्रत्येक प्रश्नाने उरलेल्या वंशांचे जवळपास निम्मे-निम्मे भाग करायला हवेत, आणि निसर्ग असं काही बांधील नाही. एखादं लक्षण एकाच वंशाला बाजूला काढतं आणि बाकी सगळे जिथल्या तिथे राहतात. दोन-दोन फाट्यांच्या ओळख-तक्त्यात दीडशे वंश सुटे करायला किमान १४९ फाटे लागतातच.

मग भिंगाखाली पाहायचं. डोक्यावर दोन डोळ्यांमध्ये खळगा आणि तोंडावर राठ केसांची मिशी दिसली, की कुल पटलं. पुढे काम बारीक होत जातं. पुढच्या पायाच्या नळीला टोकाशी काटा आहे का? शृंगिकेच्या टोकाचा केस पिसासारखा असेल, तर ऑमेशियसकडे वळायचं. पंखाच्या शिरांमधले कप्पे मोजावे लागतात: बहुतेक भाईबंदांना जिथे दोन, तिथे प्रोमेकसला तीन. एका शिरेचा फरक, आणि वंशच बदलला!

हायपरेकिया मला सगळ्यांत थक्क करते. ती लाकूड पोखरणाऱ्या काळ्या भुंग्याचं हुबेहूब सोंग घेते, आणि तिच्या अळ्या त्याच भुंग्याच्या अळ्या खातात. पण पंख मोजा: भुंग्याला चार, हिला दोनच. ही भारतातही सापडते.

फ्रँक हल यांनी १९६२ साली जगभरातल्या वंशांचा ग्रंथ काढला, तो नऊशे पानांवर गेला. त्यानंतर पीटरमारित्झबर्गच्या संग्रहालयातून जेसन लोंट यांनी आफ्रिकेतल्या आणखी शेकडो जातींना नावं दिली.