विनोदी कादंबरीत दुःख कुठून शिरतं

टेम्स नदीवर होडी घेऊन निघालेले तीन मित्र आणि माँटमोरेन्सी नावाचा कुत्रा, एवढ्या भांडवलावर जेरोम के. जेरोमने १८८९ साली 'थ्री मेन इन अ बोट' हे पुस्तक उभं केलं. अननसाचा डबा आहे पण तो उघडायला काही नाही. भिंतीवर एक तसबीर टांगायची तर पॉजर काका सगळं घर कामाला लावतात. अशा प्रसंगांवर लोक आजही पोट धरून हसतात. याच पुस्तकाच्या सोळाव्या प्रकरणात गोरिंग गावाजवळ त्या तिघांपैकी जॉर्जला पाण्यावर काहीतरी काळं तरंगताना दिसतं. तो हात घालतो आणि दचकून मागे सरतो. ते एका बाईचं प्रेत असतं.

तिची हकीकत जेरोम मोजक्या ओळींत सांगतो. कुणीतरी फसवलं, मूल झालं, घरच्यांनी दार लावून घेतलं. आठवड्याला बारा शिलिंगांवर तिने काम केलं. त्यातले सहा मुलाला सांभाळणाऱ्यांना द्यायचे आणि उरलेल्या सहांत स्वतः जगायचं. शेवटच्या दिवशी ती मुलाजवळ राहिली, त्याच्या हातात एका पेनीचा चॉकलेटचा डबा ठेवला आणि जवळच्या शेवटच्या पैशांचं तिकीट काढून गोरिंगला आली.

हा प्रसंग इतका का लागतो? पंधरा प्रकरणांत पुस्तकाने आपल्याला एक सवय लावलेली असते. पाण्यात काही दिसलं की त्यातून फजिती निघणार, कुणी हात पुढे केला की तोंडघशी पडणार. जॉर्ज हात पुढे करतो तेव्हा आपला चेहरा हसायच्या तयारीत असतो. जेरोम ती तयारी मोडतो. त्यानंतर तो जे करतो त्याकडे मात्र फार कमी लोक लक्ष देतात. बाईला काठावरच्या माणसांच्या हवाली करून हे तिघे पुढे जातात, स्ट्रीटली गावातल्या 'बुल' या खानावळीत जेवतात, आणि त्यामुळे कुत्र्याला फार समाधान वाटतं. देव तिला सांभाळो, एवढं म्हणून लेखक मृत्यूवरून थोड्याच ओळींत जेवणाकडे वळतो. काहींना हा सांधा ओबडधोबड वाटतो. मला तो प्रामाणिक वाटतो, कारण अनोळखी माणसाच्या मृत्यूनंतर बहुतेक लोक असेच जेवायला जातात.

जेरोमला मुळात टेम्सचा परिसर आणि इतिहास सांगणारं गंभीर पुस्तक लिहायचं होतं. लिहिता लिहिता विनोद वरचढ झाला. त्याचे आईवडील तो पोरसवदा असतानाच गेले होते, आणि शाळा सोडून त्याने रेल्वेत नोकरी धरली होती. आठवड्याच्या सहा शिलिंगांत किती भाकरी येते हे त्याला विचारायला जावं लागलं नसणार.

तरीही जेरोमचं दुःख बाहेरून आलेलं आहे. त्या बाईचा होडीतल्या तिघांशी काही संबंध नाही. पुस्तकातून ती पानं काढली तरी पुस्तक उभं राहतं. आपल्याकडे 'बटाट्याची चाळ'मध्ये (१९५८) पु. ल. देशपांड्यांनी वेगळी वाट घेतली. शेवटी 'एक चिंतन' येतं, आणि इतका वेळ ज्या खोल्यांना, ज्या बिऱ्हाडांना आपण हसलो त्यांच्याकडेच लेखक हळव्या नजरेने पाहतो. तिथे दुःख पाहुणं नाही, ते चाळीतलंच आहे. पण त्यासाठी पु.लं.ना विनोद थांबवून स्वतः समोर यावं लागलं. विनोदाचं यंत्र बंद न करता, त्याच यंत्रातून दुःख काढून दाखवणं याहून अवघड आहे. ते कसं होतं हे डिकन्सकडे नीट दिसतं.

'पिकविक पेपर्स' १८३६-३७मध्ये महिन्या-महिन्याने हप्त्यांत निघालं. डिकन्स तेव्हा चोवीस-पंचवीस वर्षांचा होता. त्यातला जिंगल हा लफंगा तुटक-तुटक बोलतो. दोन-तीन शब्द, मग खंड, पुन्हा दोन-तीन शब्द. क्रियापदाची वाट बघायची नाही. सुरुवातीलाच घोडागाडी एका कमानीखालून जात असताना तो एक किस्सा सांगतो. पाच मुलांची उंच आई गाडीच्या टपावर बसून सँडविच खात होती, कमान विसरली, डोकं उडालं. हातात सँडविच तसंच, पण ते घालायला तोंड नाही. गोष्ट भयंकर आहे आणि आपण हसतो. बोलण्याचा वेग इतका असतो की त्या पाच मुलांचा विचार करायला सवड मिळत नाही.

पुढे कथानायक पिकविक स्वतः फ्लीट तुरुंगात जातो. घरमालकीण मिसेस बार्डेलचा गैरसमज झालेला असतो की त्याने आपल्याला लग्नाची मागणी घातली. ती वचनभंगाचा दावा लावते, कोर्ट ७५० पौंड भरपाई ठरवतं, आणि एक पैही देणार नाही म्हणून पिकविक कैद पत्करतो. तुरुंगातल्या गरिबांच्या भागात त्याला जिंगल भेटतो, अंगावर कोट नाही, उपाशी. कोट विसरलास असं पिकविकने म्हटल्यावर जिंगल त्याच्या जुन्याच पद्धतीने उत्तर देतो. बुटांच्या जोडावर पंधरवडा काढला. रेशमी छत्री होती, हस्तिदंती मुठीची, तिच्यावर आठवडा. म्हणजे वस्तू गहाण टाकून पोट भरलं. त्याच चालीत तो पुढचाही हिशेब मांडतो: उपासमार, मरण, पंचनामा, संपलं.

इथे डिकन्सने वाक्याची रचना बदललेली नाही. तेच खंड, तोच वेग. पण आता आपण थांबतो आणि खंडांच्या मधल्या रिकाम्या जागा वाचू लागतो. पूर्वी तिथे दुसऱ्याचं दुःख झाकलेलं होतं. आता तिथे सांगणाऱ्याचीच भूक आहे. मग मागे वळून ती कमानीची गोष्ट आठवते आणि पाच मुलं प्रथमच डोळ्यांसमोर येतात. हशा उशिरा वसूल होतो, तो असा. पानभर वर्णनाने हे साधलं नसतं. डिकन्सने आधी जिंगलला भरपूर बोलू दिलं, म्हणून साधलं.

डिकन्सला तुरुंग ऐकून माहीत नव्हता. १८२४मध्ये त्याचे वडील कर्जापायी मार्शल्सी तुरुंगात होते, आणि बारा वर्षांचा चार्ल्स बूटपॉलिशच्या कारखान्यात बाटल्यांना लेबलं चिकटवत होता. 'पिकविक' चालू असताना, मे १८३७मध्ये, त्याची सतरा वर्षांची मेहुणी मेरी होगार्थ अचानक वारली. तो इतका कोसळला की जूनचा हप्ता निघालाच नाही.

मिसेस बार्डेलचं काय होतं तेही पाहण्यासारखं आहे. मैत्रिणींबरोबर ती हॅम्पस्टेडला चहाला गेलेली असते. वकिलाचा माणूस तिला तिथून मोठ्या अदबीने गाडीत बसवतो आणि थेट फ्लीटच्या दारात उतरवतो. पिकविककडून पैसे मिळाले नाहीत म्हणून तिच्याच वकिलांनी आपल्या फीसाठी तिला आत टाकलेलं असतं. ज्या गैरसमजाला आपण खो-खो हसलो, त्याच्या टोकाला ही बाई बेशुद्ध होऊन पडते. शेवटी पिकविक आपला हट्ट सोडतो तो बराचसा तिच्यासाठी. तिचा खर्च तो भरतो आणि दोघंही सुटतात. कोर्टाच्या प्रकरणात मिसेस बार्डेल निव्वळ सोंग होती. इथे ती माणूस होते, आणि तिच्याबरोबर पिकविकही.

लॉरेन्स स्टर्नच्या 'ट्रिस्ट्रम शँडी'बद्दल (१७५९-६७) थोडंच सांगतो. थोरल्या मुलाच्या मृत्यूची बातमी येते तेव्हा दिवाणखान्यात बाप प्राचीन तत्त्ववेत्त्यांची मरणावरची वचनं आठवत बसतो आणि त्या आठवणीत इतका रंगतो की मुलाला विसरतो. खाली स्वयंपाकघरात मोलकरीण सुझानाच्या मनात पहिल्यांदा येतं ते मालकिणीचं हिरवं रेशमी वस्त्र. सुतकात ते आता आपल्याला मिळणार. तेवढ्यात ट्रिम हा जुना शिपाईगडी, आता आहोत आणि क्षणात नाही असं म्हणत, हातातली टोपी जमिनीवर सोडून देतो. टोपी जड पडते आणि स्वयंपाकघर रडतं. विद्वत्तेला जे जमलं नाही ते टोपी करते. हा प्रसंग विनोदीही आहे आणि शोकाचाही, आणि दोन्हींत सीमारेषा आखता येत नाही.

पण या सगळ्यांच्या आधीचा आणि माझ्या मते सगळ्यांत मोठा म्हणजे सेर्वांतेस. 'डॉन किहोटे'चा पहिला भाग १६०५मध्ये आला, दुसरा १६१५मध्ये. पुढच्याच वर्षी लेखक वारला. १५७१च्या लेपांतोच्या आरमारी लढाईत त्याचा डावा हात निकामी झाला होता, नंतर पाच वर्षं तो अल्जीयर्समध्ये कैदेत होता. शौर्याच्या पोथ्या वाचून वेड लागलेल्या म्हाताऱ्याची थट्टा त्याने लिहायला घेतली, ती स्वतः युद्ध पाहून आल्यावर.

पहिल्या भागाच्या चौथ्या प्रकरणात किहोटेला आंद्रेस नावाचा पोरगा दिसतो. मालकाने त्याला झाडाला बांधून पट्ट्याने फोडायला घेतलेलं असतं. किहोटे मालकाकडून पगार देण्याचं वचन घेतो, न्याय झाला म्हणून खूश होऊन निघून जातो. तो दिसेनासा होताच मालक पोराला पुन्हा बांधतो आणि जास्त मारतो. आपण हसून पुढे सरकतो. पण एकतिसाव्या प्रकरणात आंद्रेस परत येतो आणि सगळ्यांसमोर विनवतो की माझे तुकडे होताना दिसले तरी कृपा करून मदतीला येऊ नका. किहोटेचा सेवक सांचो त्याला भाकर आणि चीज देतो. सत्तावीस प्रकरणांपूर्वीच्या विनोदाचं बिल घेऊन एक पोर दारात उभं राहिलेलं असतं. विनोदी लेखनात फटका खाल्लेला माणूस सहसा पुढच्या पानावर टुणटुणीत असतो. सेर्वांतेस तो नियम मोडतो. त्याच्या जगात वळ राहतात.

दुसऱ्या भागात तो विनोदाची मूळ कळच उलटी फिरवतो. इतके दिवस किहोटेला खानावळीत किल्ला दिसायचा आणि सांचो सांगायचा की ही साधी खानावळ आहे. आता किहोटेच्या मनातल्या प्रेयसीला, दुल्सिनेयाला, भेटून आल्याची आपली थाप लपवण्यासाठी सांचो गाढवांवरून येणाऱ्या तीन खेडवळ मुलींकडे बोट दाखवून म्हणतो, ही पाहा राजकन्या दुल्सिनेया. आणि किहोटेला फक्त लसणाचा वास येणारी मुलगी दिसते. वेड्याला पहिल्यांदा खरं दिसतं, आणि ज्याच्यावर त्याचा विश्वास आहे तो खोटं बोलत असतो. आपल्या डोळ्यांवर जादूगाराने पडदा टाकला अशी तो स्वतःची समजूत घालतो. इथून पुढे तो खिन्न होत जातो. गंमत तीच आहे, फक्त माणसांच्या जागा बदलल्या आहेत.

मग एक ड्यूक आणि त्याची बायको भेटतात. या दोघांनी पहिला भाग वाचलेला असतो. करमणुकीसाठी ते किहोटे आणि सांचोला वाड्यावर ठेवून घेतात आणि महागड्या सोंगांचा सपाटा लावतात. हसण्यासाठी आणखी प्रसंग हवेत म्हणून माणसांना वापरणारे हे दोघं म्हणजे आपणच, वाचक. निवेदक एके ठिकाणी म्हणतोही की फसवणारे फसणाऱ्यांइतकेच वेडे होते. सांचोला ते बाराटारिया नावाच्या खोट्या बेटाचा कारभारी करतात. तो खरोखर शहाणपणाने न्याय देतो, पण वैद्य एकेक ताट समोरून उचलायला लावून त्याला उपाशी ठेवतो. एका रात्री खोटा हल्ला होतो, दोन ढालींच्या मध्ये बांधलेला सांचो तुडवला जातो. पहाटे तो न बोलता कपडे चढवतो, तबेल्यात जातो आणि आपल्या गाढवाच्या कपाळाचा मुका घेतो. डोळ्यांत पाणी असतं. मग राजीनामा. गाढवावरचं सांचोचं प्रेम हा पुस्तकभर चाललेला विनोद आहे, आणि तोच इथे उपयोगी पडतो.

शेवटी बार्सेलोनाच्या किनाऱ्यावर किहोटे हरतो. त्याला हरवणारा त्याच्याच गावचा एक पदवीधर असतो, सोंग घेऊन आलेला. वर्षभर घरी बसायचं ही त्याची अट. घरी येऊन किहोटे तापाने सहा दिवस पडतो, एकदा गाढ झोपतो आणि जागा होतो तो शुद्धीवर. आपलं खरं नाव सांगतो, पोथ्यांचा धिक्कार करतो, मृत्युपत्र करतो. आता रडतो तो सांचो. मरू नका, उठा, ठरलं होतं तसं धनगर होऊन रानात जाऊ, असं तो विनवतो. शहाणा माणूस वेड्याला वेड परत मागतो आहे. त्यानंतर सेर्वांतेस एक बारीक गोष्ट सांगतो. घरात शोक होता, तरी भाची जेवत होती, घरकामाची बाई पीत होती आणि सांचोही खुशीत होता, कारण वारशाने काही मिळणार असलं की गेलेल्याची आठवण थोडी सैल होते. मरणाच्या खोलीतही तो विनोद बंद करत नाही. म्हणूनच ते मरण खरं वाटतं.

आपल्याकडे बहुतेकांना किहोटे भेटतो तो पवनचक्क्यांशी लढताना, मुलांच्या संक्षिप्त आवृत्तीत. तो प्रसंग पहिल्या भागाच्या आठव्या प्रकरणात आहे आणि दोन्ही भाग मिळून प्रकरणं १२६ आहेत. सगळी वाचायला वेळ नसेल तर आंद्रेसची दोन्ही प्रकरणं पाठोपाठ वाचावीत आणि मग दुसरा भाग दहाव्या प्रकरणापासून, त्या तीन मुलींपासून, धरावा.