उतार, ब्रेक आणि मुलाची नजर

जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आहे. तिथून मोखाड्याकडे जाणारा रस्ता चढ-उतारांचा, वळणांचा. अशा ठिकाणी लहान मुलाच्या हाती सायकल द्यावी का?

आठ-नऊ वर्षांच्या मुलाचा तोल पक्का असतो; कच्चा असतो तो अंदाज. येणारी जीप डोळ्यांत किती झपाट्याने मोठी होते, त्यावरून मेंदू तिचा वेग ताडतो. लंडनच्या रॉयल हॉलोवेमधील संशोधकांच्या मते, ताशी ३२ किलोमीटरपेक्षा वेगाने येणारे वाहन प्राथमिक शाळेतल्या मुलांना वेळीच जाणवेल याची खात्री नसते. चूक मुलाची नाही. ती दृष्टी वयानेच येते.

त्यात उतार. वेग दुप्पट झाला की थांबायला चौपट अंतर लागते, उतारावर त्याहून जास्त. पावसात रिम ओली झाली की ब्रेकचे रबर घसरते. मोठ्यांची सायकल दांडीखालून पाय घालून चालवणाऱ्या पोराला तर ब्रेक धड आवळताही येत नाही.

मानव विकास कार्यक्रमातून सायकली मिळतात त्या आठवीपासूनच्या मुलींना, आणि त्यांना त्या हव्यातच. धाकट्यांनी मात्र पाड्यातल्या सपाट वाटेवर, मोठ्यांच्या देखत खुशाल फिरावे. घाटरस्त्यावर एकट्याने नको. आणि पालकांनो, पावसाआधी ब्रेकचे रबर बदलून घ्या.