अपस्मार : औषधाचा खंड हाच खरा धोका

अपस्मार हा मेंदूचा विकार होय. ग्रामीण भागात त्यास मिरगी, फेफरे किंवा आकडी या नावांनी ओळखले जाते. मेंदूतील असंख्य पेशी परस्परांशी सूक्ष्म विद्युत्-संदेशांच्या द्वारे व्यवहार करीत असतात. काही कारणाने हे संदेश एकाएकी अनियंत्रित झाले म्हणजे झटका येतो. रुग्ण कोसळतो, हातपाय ताठरतात, तोंडास फेस येतो. काही रुग्णांच्या बाबतीत तर केवळ क्षणभर भान हरपते आणि शेजारी बसलेल्यास त्याचा पत्ताही लागत नाही. हा विकार संसर्गजन्य नाही. तो वेडाचा प्रकार नाही आणि त्याचा भूतबाधेशी काहीही संबंध नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे. योग्य निदान झाल्यास व नियमित औषध मिळाल्यास त्यांपैकी ७० टक्क्यांपर्यंत लोक झटक्यांपासून मुक्त राहू शकतात, असेही ही संघटना सांगते. मुंबईतील पारशी समाजाची घरोघर पाहणी करून तज्ज्ञांनी १९८८ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत हजार लोकांमागे ४.७ इतके अपस्माराचे प्रमाण आढळले होते. म्हणजे दोन-तीन हजार वस्तीच्या कोणत्याही गावात किंवा मोठ्या चाळसमूहात असे दहा-बारा रुग्ण असणे स्वाभाविक आहे. ते दिसत नाहीत, याचे कारण बहुतेक कुटुंबे हा विकार लपवितात.

औषधे काय करतात?

अपस्मारावरील औषधांचा इतिहास दीडशे वर्षांहून जुना आहे. १८५७ मध्ये लंडनचे वैद्य चार्ल्स लोकॉक यांनी ब्रोमाइडच्या उपयोगाची माहिती दिली. १९१२ मध्ये जर्मनीत आल्फ्रेड हाउप्टमान यांनी फेनोबार्बिटोनचा गुण दाखवून दिला. १९३८ मध्ये अमेरिकेत मेरिट व पुटनम यांनी फेनिटॉइन पुढे आणले. त्यानंतर कार्बामाझेपिन, सोडियम व्हॅलप्रोएट आणि अलीकडच्या काळात लेव्हेटिरासिटाम यांसारखी औषधे प्रचारात आली. झटक्याचा प्रकार, रुग्णाचे वय, स्त्री की पुरुष, आणि अन्य आजार यांचा विचार करून यांतील कोणते औषध द्यावयाचे ते डॉक्टर ठरवितात. म्हणूनच शेजाऱ्यास गुण आला म्हणून त्याची गोळी आपल्या रुग्णास देणे घातक ठरते.

ही औषधे विकाराचे मूळ उपटून काढीत नाहीत. मेंदूतील अनियंत्रित संदेशांना ती रोज लगाम घालतात. रक्तात औषधाचे ठराविक प्रमाण टिकून असेल तोवर हा लगाम टिकतो. प्रमाण खाली गेले की तो सैल होतो. तापाची गोळी ताप उतरल्यावर थांबवितात. अपस्माराच्या गोळीचा हिशेब याच्या अगदी उलट आहे. झटके थांबले याचा अर्थ गोळी आपले काम चोख करीत आहे, असाच घ्यावा लागतो.

औषध अचानक थांबविले तर झटके परत येतात. एवढेच नव्हे, तर एकामागून एक, मध्ये शुद्ध न येता झटके येत राहण्याची अवस्था उद्भवू शकते. ही अवस्था प्राणघातक असते. पाच मिनिटांहून अधिक काळ चालणारा झटका हा तातडीचा प्रसंग मानला जातो, तो यामुळेच.

कांजूरमार्ग ते गाव

हा खंड प्रत्यक्षात कसा पडतो, हे समजण्यास मुंबईच्या पूर्व उपनगरातील कांजूरमार्गचे उदाहरण उपयोगी आहे. मध्य रेल्वेवर विक्रोळी व भांडुप यांच्या दरम्यान हे स्थानक आहे. पूर्वेस मिठागरे व ठाण्याची खाडी, पश्चिमेस लालबहादूर शास्त्री मार्ग आणि त्याच्या आसपास वाढलेली कामगारवस्ती, असे या भागाचे स्वरूप राहिले आहे. येथील अनेक कुटुंबांचे एक घर येथे, तर दुसरे कोकणात किंवा घाटावर असते.

अशा वस्तीत राहणाऱ्या अपस्मार-रुग्णास तज्ज्ञांचा सल्ला दुर्लभ नाही. लोकलने शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालय आणि परळचे के. ई. एम. रुग्णालय गाठता येते. दोन्ही ठिकाणी मेंदूविकारांचे विभाग आहेत. निदान होते, औषधही सुरू होते. अडचण त्यानंतरच्या काळात येते. रोजंदारीवरील माणसाचा बाह्यरुग्ण विभागात गेलेला दिवस बुडतो. महिन्याची गोळी संपते आणि पुढील फेरी चार दिवस लांबते. रात्रपाळीत गोळीची वेळ चुकते व झोपही मोडते, आणि झोपेचा अभाव हे स्वतंत्रपणे झटक्याचे एक प्रमुख कारण आहे. गणपती, शिमगा किंवा मे महिन्याची सुटी आली की कुटुंब गावी जाते. आठ दिवसांचा मुक्काम पंधरा दिवसांवर जातो आणि बरोबर नेलेल्या गोळ्या मात्र आठच दिवसांच्या असतात. गावच्या दुकानात तेच औषध त्याच मात्रेत असेलच असे नाही. ‘इतके दिवस काही झाले नाही, आता चालेल’, अशी समजूत घालून घेतली जाते. पुढचा झटका विहिरीच्या काठावर, चुलीपाशी किंवा परतीच्या गाडीच्या दारात येतो.

येथे रुग्णालय कमी पडले नाही, की औषधही निकामी ठरले नाही. शहर आणि गाव यांच्या मधल्या अंतरात औषधाची साखळी तुटली. ती जोडून ठेवण्याचे काम शहरातील कार्यालये व शाळा जितके करू शकतात, तितकेच गावची पंचायतही करू शकते.

रोजच्या वापरातील दक्षता

गोळी रोज ठरलेल्या वेळीच घ्यावी. एखादी मात्रा चुकल्यास आठवण होताच घ्यावी. तथापि पुढील मात्रेची वेळ जवळ आली असल्यास दोन मात्रा एकदम घेऊ नयेत. वारंवार चूक होत असेल तर वाराप्रमाणे कप्पे असलेली डबी किंवा भिंतीवरील दिनदर्शिकेवर खूण करण्याची सवय उपयोगी पडते. उपवासाच्या दिवशीही औषध वर्ज्य मानू नये. रमजानच्या महिन्यात रोजे ठेवणाऱ्या रुग्णाने वेळांचा फेरबदल आधी डॉक्टरांकडून करून घ्यावा.

घरात किमान आठवड्याचा जादा साठा असावा. प्रवासात औषध मोठ्या बोजात न ठेवता हाताशी असलेल्या पिशवीत ठेवावे व औषधचिठ्ठीची प्रत जवळ बाळगावी. शक्यतो एकाच कंपनीचे औषध सातत्याने घ्यावे. दुकानदाराने दुसरे दिल्यास डॉक्टरांना विचारावे. दीर्घकाळ परिणाम करणाऱ्या गोळ्या चावू किंवा कुटू नयेत. मुलांचे पातळ औषध बाटली नीट हलवून आणि खुणेच्या मापानेच द्यावे. फेनिटॉइनच्या बाटलीत औषध तळाशी बसते. ती हलविली नाही तर आरंभी मात्रा कमी आणि शेवटी फार जास्त जाते.

दुष्परिणाम ओळखावेत, औषध स्वतः थांबवू नये

आरंभी थोडी गुंगी येणे सामान्य आहे. परंतु काही लक्षणे तत्काळ कळविली पाहिजेत. फेनिटॉइनच्या बाबतीत मात्रेतील लहानशी वाढदेखील रक्तातील प्रमाण एकदम वाढवू शकते. मग चाल अडखळते, बोलणे जड होते, एकाच्या दोन वस्तू दिसतात. अशा कामगाराने मद्य घेतले आहे असा गैरसमज पर्यवेक्षकाने करून घेणे अन्यायाचे होईल. दीर्घ वापराने हिरड्याही वाढतात. त्यासाठी दातांची स्वच्छता महत्त्वाची असते. कार्बामाझेपिन, फेनिटॉइन किंवा लॅमोट्रिजिन सुरू केल्यापासून पहिल्या काही आठवड्यांत अंगावर पुरळ, ताप किंवा तोंडात फोड दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. व्हॅलप्रोएटच्या वापरात सतत उलट्या, अंगाची कावीळ किंवा असाधारण सुस्ती ही यकृताच्या बिघाडाची चिन्हे असू शकतात.

स्त्रियांच्या बाबतीत विशेष काळजी आवश्यक आहे. गर्भावस्थेत व्हॅलप्रोएटमुळे बालकात जन्मजात व्यंग व बौद्धिक वाढीतील उणीव यांचा धोका वाढतो. म्हणून अपत्यप्राप्तीच्या वयातील मुली व स्त्रिया यांना ते शक्यतो दिले जात नाही. गर्भधारणेचा विचार होताच डॉक्टरांशी बोलून औषधाची फेररचना करावी व फॉलिक ॲसिड सुरू करावे. दिवस गेल्याचे कळताच घाबरून गोळी बंद करणे मात्र माता व गर्भ दोघांसही धोक्याचे असते. फेनोबार्बिटोन, फेनिटॉइन व कार्बामाझेपिन यांमुळे संततिनियमनाच्या गोळ्यांचा प्रभाव कमी होतो, ही बाबही आरोग्यसेविकांनी ध्यानी ठेवावी.

अन्य औषधांशी संघर्ष

दाट वस्तीत क्षयरोगाचा उपचार घेणारे पुष्कळ असतात. क्षयरोगावरील आयसोनियाझिडमुळे रक्तातील फेनिटॉइन व कार्बामाझेपिन यांचे प्रमाण वाढते, तर रिफाम्पिसिनमुळे अनेक अपस्मार-औषधांचे प्रमाण घटते. यास्तव दोन्ही उपचार देणाऱ्या डॉक्टरांना परस्परांच्या औषधांची माहिती असली पाहिजे. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी काही प्रतिजैविके व ट्रॅमॅडॉल हे वेदनाशामक यांमुळे झटक्याची शक्यता वाढते.

देशी औषध निरुपद्रवी असते, हा समजही तपासून घ्यावा लागतो. परळच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालय व के. ई. एम. रुग्णालयातील संशोधकांनी १९९२ साली एक निरीक्षण प्रसिद्ध केले. फेनिटॉइनबरोबर शंखपुष्पीयुक्त आयुर्वेदिक औषध घेणाऱ्या दोन रुग्णांचे आटोक्यात असलेले झटके परत सुरू झाले होते. उंदरांवरील प्रयोगात या औषधाच्या वारंवार मात्रांनी रक्तातील फेनिटॉइन घटल्याचे दिसून आले. दोन औषधपद्धती एकत्र घेताना डॉक्टरांपासून काहीही लपवू नये, हाच यातील बोध आहे.

औषध केव्हा थांबते?

सर्वसाधारणपणे किमान दोन वर्षे एकही झटका न आल्यास डॉक्टर औषध कमी करण्याचा विचार करतात. मग ते काही महिन्यांच्या अवधीत टप्प्याटप्प्याने उतरविले जाते. काही प्रकारांत औषध पुष्कळ वर्षे, कधी आयुष्यभर घ्यावे लागते. हा निर्णय रुग्णाने, नातेवाइकांनी किंवा हितचिंतकांनी घ्यावयाचा नसतो.

शाळा, कार्यालय आणि पंचायत

झटका आला असता रुग्णास कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ वस्तू ठेवावी, गळ्याभोवतीचे कपडे सैल करावेत आणि घड्याळ पाहावे. हातपाय दाबून धरू नयेत. तोंडात चमचा, पाणी किंवा गोळी घालू नये. कांदा वा चप्पल हुंगविण्याने झटका थांबत नाही. झटका पाच मिनिटांपेक्षा अधिक चालला, लागोपाठ आला, किंवा व्यक्ती गर्भवती अगर जखमी असेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

वर्गात एकाएकी शून्यात पाहणारा, क्षणभर हातचे लिहिणे थांबविणारा विद्यार्थी आळशी ठरविला जातो. शिक्षकाने त्याच्या पालकांना तपासणीचा सल्ला द्यावा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तपासणीसाठी निश्चित केलेल्या आजारांत झटक्यांच्या विकारांचा समावेश आहे. अधिकाऱ्यांनी औषधासाठी रुग्णालयात जाणाऱ्या कर्मचाऱ्यास सवलत द्यावी व त्याच्याकडे रात्रपाळी, उंचीवरील काम किंवा वाहनचालकाचे काम सोपवू नये.

पंचायत सदस्यांचे काम विशेष मोलाचे आहे. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन व व्हॅलप्रोएट ही औषधे राष्ट्रीय आवश्यक औषध सूचीत आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्र व ग्रामीण रुग्णालय येथे त्यांचा साठा आहे की नाही, याची विचारणा ग्रामसभेत करता येते. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या संस्थांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार विनामूल्य करण्यात आले आहेत, ही माहिती मुंबईहून सुटीवर आलेल्या कुटुंबास सांगणे अगत्याचे आहे. सणाच्या आधी आशा स्वयंसेविकेने एवढेच विचारावे : ‘गोळ्या किती दिवस पुरतील?’

कायद्यानेही या विकाराकडे पाहण्याची दृष्टी बदलली आहे. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात अपस्माराचे वारंवार येणारे झटके हा विवाहास बाधक दोष मानला गेला होता. १९९९ च्या विवाह कायदे (दुरुस्ती) अधिनियमाने अपस्माराचा हा उल्लेख वगळला. कायद्याने काढलेला कलंक समाजाच्या मनातून जाईल, तेव्हा रुग्ण गोळी लपवून घेणार नाही. लपवून घ्यावी लागणारी गोळीच बहुधा सर्वांत आधी चुकते. रोजची एक गोळी, वेळेवर व उघडपणे घेता येणे, ही रुग्णाच्या सुरक्षिततेची पहिली अट होय. ती पुरी करण्यास रुग्णालयाबाहेरील साऱ्यांचा हातभार लागतो.