घरगुती सौर संचाची दरपत्रके : ताथवडे येथील गच्चीच्या संदर्भात काही विवेचन

दोन किमतींची तुलना करावयाची तर त्या ज्या वस्तूंच्या आहेत त्या वस्तू एकजातीय असल्या पाहिजेत, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास प्रथम वर्षीच सांगितले जाते. गच्चीवर बसवावयाच्या सौर संचाच्या बाबतीत नेमकी हीच अट पाळली जात नाही. तीन संस्थांकडून '३ किलोवॅटच्या संचाची' दरपत्रके मागविली, तर हाती येणाऱ्या तीन आकड्यांमागे बहुधा तीन निरनिराळ्या वस्तू उभ्या असतात. आणि घरमालक मात्र त्या आकड्यांनाच एका ओळीत मांडून सर्वांत लहान आकडा निवडतो.

फिलिप नेल्सन यांनी १९७० साली वस्तूंच्या गुणांचे दोन वर्ग केले : खरेदीपूर्वी तपासता येणारे व वापरानंतरच कळणारे. १९७३ साली डार्बी व कार्नी यांनी त्यांत तिसऱ्याची भर घातली. हे गुण वापरानंतरही ग्राहकास सहसा पारखता येत नाहीत, त्याला विक्रेत्यावर विश्वासच ठेवावा लागतो. सौर संचात हे तिन्ही वर्ग एकत्र नांदतात. पॅनेलची संख्या व इन्व्हर्टरचे नाव दरपत्रकावर वाचता येते. वर्षाचे उत्पादन वर्ष सरल्यावर कळते. सांगाड्यावरील जस्ताच्या लेपाची जाडी, अर्थिंगची खोली किंवा तारेतील तांब्याचा कस मात्र गंज चढेपर्यंत वा अपघात होईपर्यंत कळत नाही. किमतीची स्पर्धा जितकी तीव्र, तितकी काटकसर या तिसऱ्या वर्गाकडे सरकते, कारण तेथे ती कोणाच्या नजरेस येत नाही.

ताथवड्यासारख्या ठिकाणी ही अडचण अधिकच बिकट होते. मुंबई-बंगळूर महामार्गालगतच्या या भागात जुनी घरे, बंगले आणि उंच इमारती एकमेकींना खेटून उभ्या आहेत, व नव्या इमारतींची भर पडतच आहे. पुण्याचा अक्षांश सुमारे १८.५ अंश असल्यामुळे २१ डिसेंबरच्या आसपास मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून केवळ ४८ अंश वर असतो, आणि ३० मीटर उंचीच्या इमारतीची सावली उत्तरेस सुमारे २७ मीटरपर्यंत पोहोचते. सकाळी नवाच्या सुमारास तीच सावली उंचीच्या दुपटीहून लांब असते. उलटपक्षी, मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हीचा सूर्य माथ्याच्या उत्तरेस असतो, म्हणून त्या काळात पाण्याच्या टाकीची सावली दक्षिणेकडे पडते. एकाच दुपारी येऊन गच्चीचे मोजमाप करणाऱ्याला हे वार्षिक चक्र दिसत नाही. शिवाय पॅनेल एकसरीत जोडलेली असल्यास एका पॅनेलवरील सावली संपूर्ण सरीचे उत्पादन खाली ओढू शकते. म्हणजे सावलीचे क्षेत्र आणि हानी यांचे प्रमाण सरळ नसते.

आता किमतीकडे वळू. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर : मोफत बिजली योजने'त पहिल्या २ किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटला ३०,००० रुपये व तिसऱ्या किलोवॅटला १८,००० रुपये, असे जास्तीत जास्त ७८,००० रुपयांचे अनुदान ठरविण्यात आले. समजा, पहिले दरपत्रक १,८०,००० रुपयांचे आहे व दुसरे २,१०,००० रुपयांचे. दुसरे एकषष्ठांशाने महाग आहे. परंतु दोन्हींतून ७८,००० वजा केले की १,०२,००० आणि १,३२,००० उरतात, व तोच फरक २९ टक्क्यांचा भासतो. अनुदान निश्चित रकमेचे असल्यामुळे ते गुणवत्तेच्या खर्चाला सापेक्षतः अधिक महाग दाखविते. विक्रेत्यांना हे अवगत असतेच. म्हणून 'अनुदानानंतरची किंमत' ठळक अक्षरांत छापली जाते.

त्यातही अनुदान गृहीत धरता येईलच असे नाही. ते भारतीय घटांपासून भारतातच बनविलेल्या पॅनेलांनाच मिळते, पॅनेल व इन्व्हर्टर यांपैकी ज्याची क्षमता कमी असेल तीवर मोजले जाते, आणि संच कार्यान्वित झाल्यानंतर ग्राहकाच्या खात्यात जमा होते. तोपर्यंतचा भार ग्राहकच वाहतो. अशा पॅनेलांचा उल्लेख नसलेले स्वस्त दरपत्रक म्हणजे ७८,००० रुपयांची शक्यता सोडून देणारे दरपत्रक असू शकते. कराचेही तसेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर साहित्यावरील वस्तू व सेवा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. कंत्राटाचा ७० टक्के भाग साहित्य व ३० टक्के भाग १८ टक्के कराची सेवा मानला जात असल्याने एकूण भार १३.८ वरून ८.९ टक्के झाला. १,८०,००० ही रक्कम करावेगळी असेल, तर तीत १६,०२० रुपये मिळवावे लागतात.

खरा प्रश्न उत्पादनाचा आहे. पुणे परिसरात दर किलोवॅटमागे दिवसाला सरासरी ४ युनिट हा स्थूल अंदाज धरला, तर ३ किलोवॅटचा संच वर्षाला ४,३८० युनिट, म्हणजे दरमहा ३६५ युनिट देईल. स्वस्त दरपत्रकातील सांगाडा बुटका असून टाकीच्या व शेजारच्या भिंतीच्या सावलीने दहा टक्के उत्पादन बुडते, असे मानू. वर्षाची हानी ४३८ युनिट. तिचे मोल किती? महावितरणचे घरगुती दर १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० व त्यापुढे अशा टप्प्यांनी चढतात, आणि नेट मीटरच्या पद्धतीत उरलेल्या वापरावर टप्पे लागू होतात. दरमहा ६०० युनिट वापरणाऱ्या कुटुंबाचा निव्वळ वापर २३५ ऐवजी सुमारे २७१ होईल. बुडालेले युनिट दुसऱ्या टप्प्याचे ठरतील. त्यांचा दर १० रुपये मानल्यास वार्षिक हानी ४,३८० रुपये, आणि दरसाल ८ टक्के वटावाने २५ वर्षांचे तिचे वर्तमान मूल्य सुमारे ४६,७५० रुपये येते. ३०,००० रुपये वाचवून पदरात पडलेला हा तोटा.

तेच दरपत्रक महिन्याला ३५० युनिट वापरणाऱ्या शेजाऱ्याने घेतले, तर निकाल उलटतो. त्याचा निव्वळ वापर शून्याच्या आसपासच राहतो. बुडालेले युनिट पहिल्या, स्वस्त टप्प्यातले. दर ५ रुपये धरल्यास वर्तमान मूल्य सुमारे २३,४०० रुपये, म्हणजे वाचविलेल्या रकमेहून कमी. एकाच गल्लीतील दोन घरांना समान सावली असूनही निरनिराळे दरपत्रक किफायतशीर ठरते, ही गोष्ट शेजाऱ्याच्या शिफारशीवर विसंबणाऱ्याने ध्यानात घेण्याजोगी आहे. यावरून आणखी एक दोष उघड होतो. पुष्कळ दरपत्रकांत संपूर्ण उत्पादनास सर्वांत चढ्या दराने गुणून 'चार वर्षांत भांडवल वसूल' असा निष्कर्ष काढलेला असतो. ३५० युनिटांच्या कुटुंबाचे अवघे ५० युनिट तिसऱ्या टप्प्यात असतात, आणि स्थिर आकार तर वीज न वापरताही द्यावाच लागतो.

सदनिकाधारकांची स्थिती निराळी आहे. तेथे गच्ची सामाईक, म्हणून संच बहुधा संस्थेच्या उद्वाहन, पंप व दिवाबत्तीसाठी बसतो आणि अनुदान किलोवॅटला १८,००० रुपये मिळते. समितीपुढे येणारी दरपत्रके मोठ्या रकमेची असली तरी वर सांगितलेला विश्वासाचा प्रश्न तेथे बदलत नाही. फक्त चुकीची जबाबदारी कोणा एकावर येत नाही.

यावर उपाय दरपत्रकाच्या भाषेतच आहे. पाहता न येणारे गुण लिखित अटींत उतरविले, की ते निदान तपासण्याजोगे होतात : सांगाडा गरम जस्तलेपनाचा असून लेप किती मायक्रॉनचा, पुण्यासाठी भारतीय मानक ८७५ मध्ये दिलेला सेकंदाला ३९ मीटर हा मूळ वाऱ्याचा वेग हिशेबात घेतला आहे काय, अर्थिंग भारतीय मानक ३०४३ प्रमाणे आहे काय. पॅनेलची २५ वर्षांची हमी उत्पादक देतो, विक्रेता नव्हे. विक्रेत्याचे बंधन मुख्यतः योजनेतील पाच वर्षांच्या देखभालीचे. म्हणून इन्व्हर्टरची हमी किती वर्षांची, आणि नादुरुस्त पॅनेल खाली उतरवून पुन्हा चढविण्याची मजुरी कोणाकडे, हे स्वतंत्रपणे विचारावे लागते.

सर्वांत बोलकी अट मात्र उत्पादनाची होय. पहिल्या वर्षी किमान किती युनिट मिळतील, हा आकडा सावलीच्या हिशेबासह लिहून द्यावा व तो न गाठल्यास ठरावीक भरपाई करावी, असे सर्व विक्रेत्यांना एकाच पत्राने विचारले असता उत्तरे फार भिन्न येतात. कोणी ४,३०० लिहितो, कोणी ३,९००, कोणी आकडा देण्याचेच टाळतो. ३,९०० लिहिणाराच कदाचित गच्चीवर चढून दक्षिणेकडील रिकाम्या भूखंडाची चौकशी करून आलेला असतो. शेवटचा हप्ता नेट मीटर बसल्यानंतरच देण्याची अट त्याला सहसा जड जात नाही, आणि त्या भूखंडावर पुढे इमारत उभी राहिल्यास आपली हमी संपेल, असेही तो दरपत्रकातच लिहून ठेवतो.